नणंदेची नजर आणि माझा चष्मा

माझ्या नणंदेला खो-खोच्या मैदानावर मी आणलं. कुणी विचारलं नाही तरी हे मी अजूनही सांगते. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा ती कॉलेजात होती. पायाला चपळ, पण खेळाला वळण नव्हतं. मी तोवर माझं खेळणं संपवून एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले होते. संध्याकाळी तिला बरोबर न्यायला लागले. खांबाला हात घालून गर्रकन वळायचं कसं, पाठलाग करणारीला हुलकावणी द्यायची कशी, बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मगच 'खो' म्हणायचं, सगळं मी दाखवलं. पुढं आम्ही दोघींनी मिळून पंचाची परीक्षा दिली आणि दोघी पास झालो. वयानं ती माझ्याहून बरीच लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणते, ती मला वहिनी.

चष्मा दोघींनाही होता. माझा कॉलेजापासूनचा, तिचा शाळेपासूनचा. तिचं लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या फोटोत चष्मा नगं बाई." त्यासाठी तिला कॉन्टॅक्ट लेन्स घेऊन दिल्या. लग्न झालं, चष्मा कपाटात गेला, लेन्स राहिल्या. तिचे यजमान श्रीपूरच्या साखर कारखान्यात, हंगामात तिकडंच राहतात, म्हणून तिनं घर सोलापुरातच केलं, आमच्यापासून चार गल्ल्या टाकून. त्यामुळं लग्न होऊनही ती माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

मैदानावर लोक म्हणायचे, ताईंची नजर घारीसारखी आहे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. घारीला कुणी लेन्स लावून देत नाही. पण हे सांगायचं कुणाला? लेन्स दिसत नाहीत. माझा चष्मा मात्र लांबून दिसायचा. त्याला मी काळी दोरी बांधलेली, ती मानेमागं लोंबायची, आणि तालुक्याच्या स्पर्धांत माझी ओळख 'दोरीवाल्या मॅडम' अशी होती.

खो-खोत मधल्या पाटीच्या, म्हणजे गडी बसतात त्या लांब पट्ट्याच्या, दोन बाजूंना दोन पंच उभे असतात. आपापल्या बाजूचं आपण बघायचं, दोघांच्या वर एक मुख्य पंच. गडी बाद झाला की शिटी मारायची, हात वर करायचा. एवढंच काम, पण ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पाठलाग करणारीचं बोट दुसरीच्या पाठीला लागलं की नुसतंच जवळून गेलं, तिचा पाय मधल्या पाटीवर पडला की कडेला, हे सगळं एकदम दिसावं लागतं. खेळत होते तेव्हा मला फारसं दिसत नव्हतं, चष्मा काढूनच खेळायचे, पण पायांच्या आवाजावर, श्वासावर मी पळायचे. पंचाला कानाचा उपयोग नाही. पंचाला बघावंच लागतं.

चाळिशी ओलांडली आणि मला जवळचंही दिसेना. गुणपत्रकावर सही करताना कागद हातभर लांब धरावा लागायचा. मी मनानंच ठरवलं आणि वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये रेघ नाही असा चष्मा करून घेतला. दुकानातल्या मुलीनं सांगितलं की ऑफिसातले सगळे हाच घेतात. मी ऑफिसात नाही, हे ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या.

टेंभुर्णीला स्पर्धा होती, तिथं ते कळलं. ऊन, वारा, आणि मैदानावर नुकतीच मारलेली चुन्याची फक्की वाऱ्यानं उडून सगळ्यांच्या तोंडावर येत होती. मी पाटीच्या एका बाजूला, नणंद दुसऱ्या बाजूला. मुलींचा उपांत्य सामना. माझ्या लक्षात आलं की पायांकडं बघायला मी डोळे खाली वळवले की पाटीची पांढरी रेघ पाण्यात बुडाल्यासारखी हलायला लागते. मान खाली घातली तर स्पष्ट दिसायचं, पण मान खाली घालून धावणाऱ्या मुलींच्या मागं कोण पळणार? वर घामानं चष्मा नाकावरून सरकत होता. एका क्षणी मी तो बोटानं वर ढकलला आणि नेमकी त्याच वेळी माझ्यासमोर पाठलाग करणारी मुलगी झेपावली. धावणारी पुढं गेली. माझ्या हातातली शिटी ओठांपर्यंत आलीच नाही, कारण काय झालं ते मला दिसलंच नव्हतं.

शिटी वाजली ती पलीकडून. माझ्या नणंदेनं माझ्या बाजूचा गडी बाद दिला. हात सरळ वर, चेहरा शांत.

आक्रमण करणाऱ्या संघाचा प्रशिक्षक कडेला उभा होता. तो ओरडला, "ओ मॅडम, कुटं बघताव? चष्मा पुसा की! पलीकडच्या मॅडमला दिसतंय, तुमच्या फुड्यात झालं तरी तुमाला न्हाय!"

मांडवातली माणसं हसली. बाद झालेली मुलगी माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली, बाद. दुसरं काय करणार? निर्णय बरोबर होता. पोरीच्या पाठीवर, टी-शर्टवर, मातीच्या हाताचा ठसा उमटला होता. तो मला आता दिसत होता.

नियमात तिचं काही चुकलं नव्हतं. जोडीदाराला दिसलं नाही तर दुसऱ्यानं सांगावं, हे मीच तिला शिकवलं होतं. पण त्या दिवशी सामना संपेपर्यंत मी तिच्याकडं बघितलं नाही. मनात येत होतं, त्या दोन पारदर्शक टिकल्या काढून घेतल्या तर ही माझ्याइतकीच आंधळी आहे.

परत येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली. मोहोळ आल्यावर हळूच म्हणाली, "वहिनी, रागावलात?"

"कशाला रागावू? बरोबर दिलंत तुम्ही."

"तुम्ही लेन्स का नाही लावत? मी दाखवते ना कशा लावायच्या."

ती अगदी मनापासून म्हणाली. त्यामुळं जास्त झोंबलं. मी तिला खो द्यायला शिकवलं आणि आता ती मला डोळे उघडायला शिकवणार.

तरी मी गेले. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, सिलिंडरचा नंबर आहे म्हणाल्या, त्यासाठी वेगळ्या लेन्स लागतात, त्या डोळ्यात आपल्या जागेवरच राहिल्या तर नीट दिसतं. डोळे जरा कोरडे आहेत, असंही म्हणाल्या. ते मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. बघू वापरून, म्हणाल्या, आणि वापरून बघण्यासाठी एक जोडी दिली.

रविवारी सकाळी नणंद घरी आली. बेसिनच्या आरशासमोर आम्ही दोघी. तिनं मला हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले. लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन दाखवली. "ही अशी वाटीसारखी दिसली पाहिजे. कडा बाहेर वळल्या तर उलटी आहे." मग माझी पापणी वर धरली. "वर बघा वहिनी, वर. छताकडं. मिटू नका."

मी मिटत होते. पुन्हा मिटत होते. माझे यजमान चहाचा कप घेऊन दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "गाईला औषध पाजल्यासारखं चाललंय तुमचं."

"तू जा रे दादा," ती म्हणाली. आणि ते वळले तेवढ्यात लेन्स बसली.

मी डोळे उघडले. आरशात माझा चेहरा होता, नाकावर काहीच नव्हतं, आणि तरी चेहरा स्पष्ट होता. असा मी तो कितीतरी वर्षांत बघितलाच नव्हता. चष्मा काढला की मला मी धूसर दिसायचे, घातला की चष्मा दिसायचा. मी गॅलरीत गेले. समोरच्या कडुलिंबाची पानं सुटी सुटी दिसत होती. खाली बघितलं, जिना दिसला. बाजूला बघितलं, मान न वळवता पलीकडच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसले. कुठंच चौकट नव्हती.

आनंद झालाच. पण पाठोपाठ जे आलं ते मला आजही आठवतं. हिला हे असं रोज दिसत होतं. मी दोरी सावरत उभी होते, काचेवरची फक्की पदरानं पुसत होते, आणि ही पलीकडं असं सगळं मोकळं बघत उभी होती. इतकी वर्षं.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"बरं वाटतंय," मी म्हणाले.

शाळेच्या मैदानावर सकाळच्या गार हवेत लेन्स छान चालल्या. मी दोरीचा चष्मा कपाटात टाकला. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, मॅडम, तरुण दिसायला लागलात. मी नव्या साडीसारखा तो चेहरा मिरवला. मग मोहोळला स्पर्धा आल्या.

मोहोळला मैदान चांगलं होतं, पण दुपारचा वारा सुटला आणि लाल-काळी माती उठली. त्या सामन्यात नणंद मुख्य पंच होती, मी पाटीच्या बाजूला. पहिल्या डावातच उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. मी पापणी मिटली, उघडली. लेन्सखाली खडा अडकला असावा असं टोचत होतं. डोळ्याला धार लागली. मिटलं की लेन्स फिरायची, आणि फिरली की समोरच्या मुलींच्या छातीवरचे आकडे एकावर एक चढायचे. मी एका डोळ्यानं बघायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं की समोर पळणाऱ्या दोघी मुली आहेत की एकच आहे, हेही मी खात्रीनं सांगू शकत नाही. मी शिटी मारली आणि दोन्ही हात वर करून सामना थांबवला.

नणंद धावत आली. "काय झालं वहिनी?"

"मला दिसत नाहीये."

तिनं माझ्या हातातून शिटी घेतली नाही, तिच्या गळ्यात तिची होती. आयोजकांशी दोन शब्द बोलली, मुख्य पंच म्हणून दुसऱ्या कुणालातरी उभं केलं, आणि स्वतः माझ्या जागी जाऊन उभी राहिली. मी मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, लेन्स काढली. ती धुळीनं मळलेली माझ्या बोटावर पडली होती, माशाच्या खवल्यासारखी. समोर मैदानात तीच धूळ, तोच वारा होता, आणि नणंद उभी होती. डोळ्याला एकदाही हात न लावता.

सगळ्यात जास्त जळफळाट मला तेव्हा झाला. तिनं काही हिसकावलं असतं तर भांडता आलं असतं. तिला जे साधलं ते तिच्या डोळ्यांना साधलं होतं, आणि त्यावर भांडण नसतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचे डोळे कोरडे आहेत, मी म्हटलं होतं. घरात, समारंभाला लावा. धुळीच्या मैदानावर नको."

"माझ्या नणंदेला मग कसं चालतं?"

"त्यांचे डोळे मी बघितले नाहीत," त्या म्हणाल्या. "पण धूळ कुणालाच चांगली नाही."

माझ्यापुरतं होतं ते मी घरी घेऊन गेले. हे शेवटचं वाक्य तिथंच राहिलं, नणंदेला सांगितलंच नाही.

मग मी नवी पेठेतल्या एका जुन्या चष्म्याच्या दुकानात गेले. मालक तेलुगू बोलणाऱ्या विणकर घराण्यातले, बोलायला गोड, मराठी झकास. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी उन्हासाठी म्हणून काळपट काचा दाखवल्या. मी म्हटलं, नको, संध्याकाळच्या सामन्याला दिव्यात अंधार होईल, आणि मुलींना पंचाचे डोळे दिसले पाहिजेत. उन्हात गेलं की आपोआप काळ्या होणाऱ्या दाखवल्या. त्याही नको, मांडवातून उन्हात आणि उन्हातून मांडवात करताना त्यांना रंग बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात गडी बाद होऊन जातो.

"मग तुम्हीच सांगा मॅडम, काय पाहिजे?"

"खाली बघितलं की रेघ हलता कामा नये. पळाले तर जागेवर राहिला पाहिजे. आणि घाम काचेवर उतरता कामा नये."

त्यांनी खेळाडूंचे चष्मे काढले. गालाला वळसा घालून बसणारे, आत रबराची पट्टी, कानाच्या काड्यांऐवजी डोक्यामागून रुंद पट्टा. मी एकेक घालून दुकानाच्या फरशीच्या सांध्याकडं बघत उड्या मारल्या. मग बाहेर गल्लीत जाऊन पळाले. साडी खोचून, पट्टा डोक्याला, नंबर नसलेल्या काचा लावून एक बाई इकडून तिकडं पळते आहे, एकदम थांबून खाली बघते आहे, हे बघायला शेजारच्या चादरीच्या दुकानातले लोक बाहेर आले. मालक म्हणाले, "पळू द्या, पळू द्या, त्या पंच आहेत."

शेवटी जो बसला तो सगळ्यात कुरूप होता. गर्द राखाडी, जाड. काचेत फक्त लांबचा नंबर. सहीपुरता वाचायचा वेगळा छोटा चष्मा खिशात ठेवायचं ठरवलं. घरी घालून दाखवला तेव्हा यजमान बराच वेळ बघत राहिले. "वेल्डिंगला निघालीस का?" म्हणाले. शाळेच्या मैदानावरही पुढं तेच नाव पडलं.

पण त्यातून दिसायचं. मैदानावर पहिल्याच दिवशी मी डोळे खाली वळवले आणि पाटीची रेघ जिथल्या तिथं सरळ होती. मी धावले, थांबले, वळले. चष्मा माझ्याबरोबर वळला. मला इतकं हायसं वाटलं की एका मुलीनं चुकीच्या बाजूनं वळून फाऊल केला तो देताना मी हसत होते.

आठवड्याच्या आत नणंदेचा फोन आला. "वहिनी, राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून पंच म्हणून माझी निवड झाली."

मी शेगडीसमोर उभी होते. "अभिनंदन हो ताई," मी म्हणाले. आवाज नीट आला, त्याचं मला समाधान वाटलं.

एकच नाव जाणार होतं, हे मला माहीत होतं. माझं जाईल असं मी कुणाला म्हटलं नव्हतं, पण नव्या चष्म्याच्या पहिल्या दिवसापासून मनात ते होतंच. निवड करणाऱ्यांनी मला टेंभुर्णीला बघितलं होतं आणि मोहोळला बघितलं होतं. वेल्डिंगच्या चष्म्यात त्यांच्यातल्या कुणी बघितलंच नव्हतं. यजमान पेढे घेऊन आले. मी एक खाल्ला. "तुझी शिष्या गेली बघ राज्याला," ते म्हणाले. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

मी तिच्या प्रवासासाठी शेंगापोळ्या केल्या, कडक भाकरी बांधल्या, शेंगाचटणीची पुडी दिली. पोळ्या लाटताना लाटणं जोरात आपटत होतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं हळू की, वट्टा फुटंल." पोळ्या मात्र चांगल्या झाल्या. वाईट करायला मला जमलं नाही.

ती गेली तेव्हा रोज तिच्या मोबाइलवरून फोटो यायचे. निळ्या कोटात, गळ्यात ओळखपत्र, मॅटवर उभी. चष्मा नाही. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघायचे आणि बंद करायचे. शेवटच्या दिवशी फोटो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान तिला स्टँडवरून आणायला गेले आणि तिच्या घरी न नेता आमच्याकडं घेऊन आले. ती दारात उभी राहिली ती एका हातानं डोळा झाकून. "वहिनी, उजेड सहन होत नाहीये." हात काढला. डावा डोळा लालभडक, पापणी सुजलेली, बुबुळावर एक पांढुरका ठिपका.

तसंच डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी यंत्रातून बघितलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला. लेन्स घालून झोपलात का? किती दिवस सलग वापरल्यात? बुबुळाला जखम झाली होती, त्यात जंतू गेले होते. अजून उशीर केला असता तर नजर गेली असती, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. दर तासाला औषध घालायचं. लेन्स बंद. पुढं बराच काळ बंद.

तिचे यजमान कारखान्यावर, हंगाम ऐन भरात. ते तातडीनं येऊन भेटून गेले, पण राहणं शक्य नव्हतं. मी शाळेतून रजा घेतली. आतल्या खोलीचे पडदे ओढून तिला झोपवलं आणि दर तासाला तिच्या डोळ्यात थेंब घालायला बसले. डोकं मांडीवर घ्यायचं, एका बोटानं पापणी खाली ओढायची, थेंब टाकायचा. जिची नजर मला सलत होती तिचा डोळा माझ्या बोटांच्या मध्ये होता, सुजलेला, पाणी गाळणारा. औषध झोंबलं की ती माझा दंड घट्ट धरायची. ती फार भ्यायली होती, आणि तिच्याहून जास्त मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपल्या झोपल्या म्हणाली, "वहिनी, अंतिम सामन्याला मला नीट दिसत नव्हतं. सकाळपासूनच दुखत होतं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"चष्मा नव्हता का बॅगेत?"

"होता."

"मग?"

"चष्मा लावून उभी राहिले असते तर पुढच्या वर्षी बोलावलं असतं का मला?" ती म्हणाली. "तुमचं बघितलंय की मी. टेंभुर्णीत लोक कसे हसले. तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं खेळातलं. तरी नाव माझंच गेलं."

मी थेंबाची बाटली बंद करत होते, झाकण नीट बसेना. मला भयंकर राग आला. तिचा नव्हे असं म्हणता येईल, पण तेव्हा तो तिच्यावरच निघाला.

"मी उभी राहते ना पण!" मी म्हणाले. "लोक हसतात, दोरीवाल्या म्हणतात, वेल्डिंगवाल्या म्हणतात, तरी मी उभी राहते. दिसलं नाही तेव्हा सामना थांबवला मी, सगळ्यांसमोर. तुम्ही अंतिम सामना आंधळेपणानं दिलात ताई!"

खोलीत अंधार होता. तिचा चेहरा दिसत नव्हता. ती म्हणाली, "एका मुलीला बाद दिलं मी. हात लागला की नाही, माहीत नाही." आणि रडायला लागली. रडू नका, औषध वाहून जाईल, मी म्हणाले. मग स्वतःच तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. पुढच्या थेंबाची वेळ झाली तेव्हा तो मी जरा जास्त जपून घातला.

डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला एक बारीक डाग राहिला, डॉक्टरबाई म्हणाल्या, मध्यभागी नाही, नशीब समजा. नजर हळूहळू परत आली. पण मैदानावर लेन्स कायमच्या गेल्या. तिनं कपाटातला जुना चष्मा काढला, तर त्याचा नंबर बदललेला. "वहिनी, तुमच्या त्या दुकानात न्याल का मला?"

मी नेलं. मनात ठरवलं होतं की तिला सगळं समजावून सांगायचं, काळ्या काचा का नकोत, खाली जवळचा नंबर का नको, पट्टा कसा रुंद हवा. मालकांनी तोच माझ्या जातीचा चष्मा काढला, फक्त गडद निळ्या रंगात, जरासा बारीक. मी घेतला तेव्हा तो दुकानात आलेला नव्हता. तिनं घातला. आरशात बघितलं. मान हलवली, एक उडी मारली, झालं.

तिला तो शोभत होता. मला ज्यात लोक वेल्डिंगवाली म्हणत, त्यात ती एखाद्या मोठ्या संघातल्या खेळाडूसारखी दिसत होती. "कसा दिसतोय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "चांगला आहे," आणि काउंटरवरचे बाकीचे चष्मे उगाच सरळ लावत बसले. आठवडाभर जिच्या डोळ्यासाठी देवापुढं दिवा लावला, तिचा चष्मा मला बघवेना. माझं मलाच नवल वाटलं.

"यातून पळून बघू का बाहेर?" ती म्हणाली.

"पळा की," मी म्हणाले. चादरीच्या दुकानातले लोक पुन्हा बाहेर आले. यावेळी कुणी हसलं नाही. एकानं तर विचारलं, असा कुठं मिळतो.

पुढच्या वर्षी राज्याला पुन्हा तिचंच नाव गेलं, चष्म्यासकट. माझं नाव राखीव म्हणून होतं. मला वाईट वाटलं, ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर गावातलाच एक सामना होता, त्यात ती मुख्य पंच होती आणि मी पाटीच्या बाजूला. दोघींच्या डोक्याला पट्टे. माझ्यासमोर एका मुलीनं खांबाला हात घालून झेप घेतली, बोट समोरच्या मुलीच्या टाचेला लागलं. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की टाचेवरची माती उडालेलीही दिसली. मी शिटी मारली.

बाद झालेल्या मुलीचा प्रशिक्षक तावातावानं मैदानात आला आणि माझ्याशी न बोलता थेट तिच्याकडं गेला. "मॅडम, तुमी सांगा. राज्याचे पंच तुमी. हात लागलाच न्हाय. तुमाला दिसलं का?"

"मला नाही दिसलं," ती म्हणाली.

"बघा! मग?"

"वहिनींना दिसलंय. बाद."

तो क्षणभर गोंधळला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "कोण वहिनी?"

कडेच्या मुली फिदीफिदी हसायला लागल्या. ती जीभ चावून माझ्याकडं बघत होती. मी हात वरच धरून उभी होते, हसू दाबून, चेहरा शक्य तितका कडक ठेवून, आणि काचेच्या आत रबराच्या पट्टीखाली मला घाम फुटला होता.